चांगुलपणाला सवड लागते

सुविचार कमी पडले म्हणून माणसं एकमेकांशी वाईट वागतात, असं मला मुळीच वाटत नाही. खरं बोलावं, अडलेल्याला हात द्यावा, समोरच्याचं ऐकून घ्यावं, हे कुणाला ठाऊक नसतं? शाळेच्या भिंतीपासून मोबाइलच्या पडद्यापर्यंत हेच तर लिहिलेलं असतं. ठाऊक असूनही ते हातून का घडत नाही, याचं माझं उत्तर फारच साधं आहे. आपण सतत घाईत असतो.

जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या प्रिन्स्टनमध्ये केलेला एक प्रयोग १९७३ साली प्रसिद्ध झाला. धर्मोपदेशक होण्याचं शिक्षण घेणारे ४० विद्यार्थी त्यात होते. प्रत्येकाला सांगितलं, दुसऱ्या इमारतीत जाऊन छोटं भाषण करायचंय. निम्म्यांना विषय दिला तो बायबलमधल्या चांगल्या शोमरोनी माणसाच्या गोष्टीचा, म्हणजे वाटेत जखमी पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्याचा. निघताना कुणाला म्हटलं, अजून वेळ आहे. कुणाला, आता निघाच. तर कुणाला, उशीर झालाय, ते तुमची वाट बघताहेत. वाटेतल्या एका दारात एक माणूस मान टाकून, खोकत, कण्हत बसलेला होता. अर्थात मुद्दाम बसवलेला.

सवड असलेल्यांपैकी ६३ टक्के मदतीला थांबले. मधल्यांपैकी ४५ टक्के. उशीर झालेल्यांपैकी १० टक्के.

भाषणाच्या विषयाने मात्र म्हणण्यासारखा फरक पडला नाही. परोपकाराची गोष्ट मनात घोळवत निघालेल्यांतलेही काही जण त्या कण्हणाऱ्या माणसाला ओलांडून गेले! लोका सांगे ब्रह्मज्ञान, म्हणून हसायचा मोह होतो. पण संशोधकांनी आणखीही एक नोंद केली आहे: न थांबता गेलेल्यांपैकी काही जण पोचले तेव्हा अस्वस्थ दिसत होते. मन मेलेलं नव्हतं. इकडे वाट बघणारा, तिकडे कण्हणारा, अशी ओढाताण झाली आणि घड्याळ जिंकलं.

चाळीस जणांच्या एका प्रयोगावरून साऱ्या मनुष्यजातीचा निकाल लावू नये, हे मान्य. पण आपलाच दिवस आठवून बघा. मुलाच्या तिसऱ्या प्रश्नाला आपण खेकसतो ते कधी? म्हाताऱ्या माणसाची जुनीच आठवण अर्ध्यात तोडतो ते कधी? आणि घरातून पाय बाहेर पडलेला नसताना 'निघालोय, वाटेतच आहे' असं बिनदिक्कत ठोकून देतो ते? रोजच्या खोटेपणातला बराचसा भाग लबाडीचा नसतोच. उशीर झाकायचा असतो, इतकंच.

म्हणून रोज चांगलं वागायचा संकल्प करणाऱ्यांना माझा सल्ला थोडा रुक्ष आहे. आधी वेळापत्रक सैल करा. एक काम कमी अंगावर घ्या, दहा मिनिटं आधी निघा, दोन भेटींच्या मध्ये मोकळी जागा ठेवा. आणि 'मी संयम ठेवीन' असं मोघम ठरवण्यापेक्षा 'राग येईल असा मेसेज आला की फोन खाली ठेवीन, तासाभराने उत्तर देईन' असं नेमकं ठरवा. अमुक झालं की तमुक करायचं, असं आधीच पक्कं केलेलं जास्त वेळा पार पडतं, हे पीटर गॉलविट्झर यांच्यासारख्या मानसशास्त्रज्ञांनी अनेक प्रयोगांतून दाखवलं आहे.

'आमच्या हातात वेळ असता तर' असं कुणी म्हणेल, आणि ते खोटं नाही. मिनिटामिनिटाचा हिशोब द्यावा लागणाऱ्या माणसाला सवड काढ म्हणणं ही थट्टाच. त्याच्या वागण्यातला गोडवा त्याच्या कामाची वेळ आखणाऱ्याच्या हातात असतो. तुमच्या हाताखाली माणसं असतील, तर कार्यालयात मूल्यांचा फलक लावण्याआधी त्यांच्या दिवसात अर्धा तास मोकळा सोडता येतो का, तेवढं तपासा. फलक नंतर लावला तरी चालेल.