‘कमजोर पॅनल सगळ्यांना खाली ओढतं’ म्हणणाऱ्या वाचकाला

सोलर पॅनलांवरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा जास्त आला, तिसऱ्यांदा वही घेऊन बसलो.

लेखात मी एवढंच म्हटलं होतं की जुनं १०० वॅटचं आणि नवं ५० वॅटचं पॅनल समांतर (प्लसला प्लस, मायनसला मायनस) जोडून एकाच चार्ज कंट्रोलरवर, म्हणजे पॅनलची वीज बॅटरीत नीट भरणाऱ्या डब्यावर, चालवता येतं. त्यावर तुम्ही लिहिलंत, ‘वेगवेगळ्या वॅटची पॅनलं एकत्र केली की सगळी सर्वांत कमजोर पॅनलइतकीच चालतात. अर्ध्या हळकुंडाने पिवळे झालेले लोक असले लेख लिहितात आणि दुसऱ्यांची घरं जाळतात.’ पुढे फ्यूज, थंडीतलं व्होल्टेज आणि ‘वेगळा कंट्रोलर का नाही घेत’ असे तीन मुद्दे.

चूक दाखवलीत तर हरकत नाही, पण घरं जाळतात? १८ व्होल्टच्या दोन पॅनलांवरून थेट अग्निकांड म्हणजे सुतावरून स्वर्ग झाला. शिवाय हे सगळं नाव न देता. हळकुंड कोणाचं किती, ते आता बघू.

तुमचं पहिलं वाक्य सिरीजला, म्हणजे एकामागे एक जोडणीला, लागू पडतं. सिरीजमध्ये सगळ्यांतून एकच करंट वाहतो. १०० वॅटचं पॅनल साधारण साडेपाच अँपिअर देऊ शकतं, ५० वॅटचं पावणेतीनच्या आसपास. एकामागे एक जोडली की मोठ्यालाही पावणेतीनवर यावं लागतं. ३६ व्होल्ट गुणिले पावणेतीन म्हणजे शंभरेक वॅट, दीडशेतले पन्नास गेले. मान्य. पण माझ्या लेखात ‘समांतर’ हा शब्द मी मोजून सात वेळा लिहिलाय.

समांतर जोडणीत करंटची बेरीज होते, जुळावं लागतं ते व्होल्टेज. आणि ते वॅटवर ठरत नाही. ५० वॅटचं पॅनल कधी जवळून बघितलंय? त्यातही सेल, म्हणजे काचेखालच्या वीज बनवणाऱ्या चकत्या, ३६च असतात, फक्त प्रत्येक सेल कापून अर्धा केलेला असतो. काम करताना एक सेल अर्धा व्होल्ट देतो, मग तो अख्खा असो की अर्धा. सेलच्या संख्येवर व्होल्टेज आणि आकारावर करंट. म्हणून लेबलवर दोन्हीकडे १८ व्होल्टच्या आसपासचा आकडा दिसतो. एकावर १७.६ आणि दुसऱ्यावर १८.४ असलं तरी फरक नगण्य, कारण पॅनलच्या वॅटेजचा आलेख शिखरापाशी टोकदार नसतो, माथा बऱ्यापैकी सपाट असतो. कंट्रोलर मध्ये कुठेतरी थांबतो आणि दोघांचं पोट भरतं.

हे पुस्तकातलं सांगत नाही. तेरा वर्षं मी या पॅनलांशी खेळतोय. पहिल्या पॅनलच्या काचेखालचा थर आता पिवळसर पडलाय (हळद लागायचीच तर अशी लागावी). परवा भर दुपारी पुन्हा क्लॅम्प मीटर (वायरभोवती लावून करंट मोजणारा) लावला. पॅनल इतकं तापलेलं की फ्रेमला हात लावून ठेवता येत नव्हता. एकट्या जुन्याने ४.९ अँपिअर दिले, एकट्या नव्याने २.४, आणि दोन्ही मिळून ७.२. उन्हात तापल्यामुळे व्होल्टेज सोळाच्या घरात आलेलं, म्हणजे ११५ वॅट. ‘सर्वांत कमजोर पॅनलइतकं’ चाललं असतं तर ४.८च्या वर काटा गेला नसता. तुम्ही शेवटचा मीटर कधी लावला होता? सहज विचारतोय. बरं, अगदी सहज नाही.

एक जोडी मात्र खरंच जमत नाही: ३६ सेलचं पॅनल आणि ६० सेलचं पॅनल, एमपीपीटी कंट्रोलरवर (जास्तीत जास्त वॅट मिळतील ते व्होल्टेज स्वतः शोधणारा). हा उद्योग मी स्वतः केलाय. २५० वॅटचं मोठं पॅनल तिशीच्या व्होल्टला खूश असतं, १०० वॅटचं छोटं बावीस व्होल्टच्या वर काहीच देत नाही. एमपीपीटी दोघांसाठी मिळून एकच बिंदू शोधतो. तो अठराला थांबला तर साडेतीनशेपैकी अडीचशेच्या थोडं वर पदरात पडतं, तिशीला तर तो पोचतच नाही, कारण बावीसच्या बरंच वर गेलं की छोटं पॅनल मोठ्याचाच करंट गिळायला लागतं. महिनाभर मी कंट्रोलरलाच शिव्या घालत होतो. पण इथेही भानगड व्होल्टेजची आहे, वॅटची नाही. आणि साधा, स्वस्तातला पीडब्ल्यूएम कंट्रोलर असेल तर तो दोघांनाही बॅटरीच्या व्होल्टेजवर ओढून आणतो, तिथे मोठ्याची ताकद जोडीदाराशिवायही वायाच जाते. लेखाच्या शेवटच्या परिच्छेदात हे सगळं आहे. तुम्ही तिथवर पोचला नसावात.

फ्यूजचं तुमचं म्हणणं बरोबर आहे. तीन किंवा अधिक पॅनलं समांतर असतील तर प्रत्येकाला स्वतंत्र फ्यूज हवा, कारण एकात शॉर्ट झालं की बाकीच्यांचा करंट त्यात उलटा घुसतो. लेखातली माझी दोनच होती. १०० वॅटचं फार तर सहा अँपिअर ढकलणार, आणि ५० वॅटच्या लेबलवर कमाल फ्यूज १० अँपिअर छापलाय. त्यामुळे माझं अडलं नाही, पण वाचणारा तिसरं जोडू शकतो. राहून गेलं होतं, चूक माझी.

थंडीत व्होल्टेज चढतं हे खरं, पण तो प्रश्न सिरीजवाल्यांचा, कारण तिथे व्होल्टेजची बेरीज होते. माझ्या जोडणीत शून्य अंशालाही बावीस व्होल्टचे चोवीस होतील, कंट्रोलरला त्याचा पत्ताही लागणार नाही. वेगळ्या कंट्रोलरचं म्हणाल तर ज्याला जमतं त्याने जरूर घ्यावा. लेख ज्यांच्याकडे एकच आहे त्यांच्यासाठी होता.

फ्यूजची ओळ आजच लेखात घातली. ‘एका वाचकाच्या सूचनेवरून’ असं लिहिलंय. नाव टाकायची तयारी होती, पण तुम्ही ते दिलेलंच नाही.