‘पर्यावरणशास्त्र आणि अक्षय ऊर्जेत पदवी म्हणजे वर्षं फुकट’ : एका फिरत्या संदेशाला उत्तर

प्रवेशाचे दिवस जवळ आले की एक संदेश सगळीकडे फिरू लागतो. पर्यावरणशास्त्र किंवा अक्षय ऊर्जा या विषयांत पदवी घेऊ नका, असं तो मुलांना आणि पालकांना बजावतो. कारणं पाच दिलेली असतात. हे खरं विज्ञानच नाही, नुसतं झाडं लावणं आणि घोषणा देणं आहे. सौर पॅनेल बनवायला जेवढी ऊर्जा लागते, तेवढी ते आयुष्यभरात परत देत नाही. ही कामं इलेक्ट्रिकल आणि मेकॅनिकलचे इंजिनिअर करतातच. तंत्रज्ञान इतक्या झपाट्याने बदलतं की पदवी हाती येईतो शिकलेलं जुनं होतं. आणि नोकऱ्या नाहीत. यातला एक मुद्दा अर्धा खरा आहे, बाकीचे टिकत नाहीत.

‘हे खरं विज्ञान नाही’

१९७४ मध्ये मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलँड या रसायनशास्त्रज्ञांनी एक इशारा दिला. फ्रिजमध्ये आणि स्प्रेच्या डब्यांत वापरले जाणारे क्लोरोफ्लुरोकार्बन वायू खालच्या हवेत मोडत नाहीत. ते वर स्थितांबरात, म्हणजे वातावरणाच्या ओझोन असलेल्या वरच्या थरात पोहोचतात, तिथे अतिनील किरणांनी फुटतात आणि त्यातून सुटलेला क्लोरिनचा एकेक अणू ओझोनचे हजारो रेणू नष्ट करतो. १९८५ मध्ये ब्रिटिश अंटार्क्टिक सर्वेक्षणाच्या शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं घेतलेल्या नोंदींतून दाखवून दिलं की अंटार्क्टिकावरचा ओझोन तिथल्या वसंत ऋतूत भयंकर घटतो आहे. १९८७ मध्ये या वायूंचा वापर आवरण्यासाठी देशांमध्ये मॉन्ट्रियल करार झाला. १९९५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मोलिना आणि रोलँड यांना पॉल क्रुट्झन यांच्यासोबत मिळालं. रसायनशास्त्र, चिकाटीची मोजमापं आणि आंतरराष्ट्रीय कायदा हे तिन्ही जिथे एकत्र येतात तो विषय म्हणजे पर्यावरणशास्त्र.

अभ्यासक्रमात हे फार साध्या गोष्टींपासून सुरू होतं. नदीच्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायचा आहे, तर नमुना कधी घ्यायचा? पाण्यातल्या वनस्पती दिवसा ऑक्सिजन सोडतात, रात्री सगळेच सजीव तो वापरतात. त्यामुळे दुपार उलटल्यावर आकडा चांगला दिसतो आणि पहाटे तळ गाठतो. फक्त दुपारी नमुने घेणाऱ्याला नदी निरोगी वाटेल आणि मासे मात्र पहाटे मरत असतील. खरं विज्ञान म्हणतात ते हेच.

‘पॅनेल स्वतःपुरतीही ऊर्जा देत नाही’

हे सरळ चूक आहे. सिलिकॉन शुद्ध करायला प्रचंड उष्णता लागते, हे खरं. पण आजच्या पॅनेलला लागलेली ऊर्जा, ऊन किती मिळतं त्यानुसार, साधारण एक-दोन वर्षांत भरून निघते आणि पॅनेल २५ वर्षं किंवा त्याहून जास्त चालतं. खाणीपासून भंगारापर्यंतचा सगळा हिशेब धरून हवामान बदलावरच्या आंतरसरकारी समितीने २०१४ च्या अहवालात मधले आकडे दिले होते. एका युनिट विजेमागे कोळशातून सुमारे ८२० ग्रॅम कार्बन डायऑक्साइडइतकं उत्सर्जन होतं, मोठ्या सौर प्रकल्पातून ४८ ग्रॅम आणि जमिनीवरच्या पवनचक्कीतून ११. हा जन्मापासून अंतापर्यंतचा हिशेब मांडायला ज्या अभ्यासक्रमात शिकवतात, त्याच अभ्यासक्रमाविरुद्ध हा मुद्दा वापरला जातो, याचं मला वाईट वाटतं.

‘इंजिनिअर पुरेसे आहेत’

इन्व्हर्टरची रचना करायची असेल, पवनचक्कीच्या पात्यांचा आकार ठरवायचा असेल, तर इंजिनिअरिंगच घ्या. तिथे वाद नाही. पण प्रकल्प कुठे, केवढा आणि कशा रीतीने चालवायचा, हे प्रश्न एका शाखेत मावत नाहीत.

वटवाघळांचं उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. पवनचक्क्यांच्या पात्यांमुळे वटवाघळं मोठ्या संख्येने मरतात, आणि बहुतेक मृत्यू मंद वाऱ्याच्या रात्री होतात, कारण जोराच्या वाऱ्यात ती फारशी उडत नाहीत. हे सांगतो प्राणिशास्त्राचा अभ्यासक. वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे वेग निम्मा झाला तर शक्ती आठव्या हिश्श्यावर येते. हे सांगतो ऊर्जेचा अभ्यासक. दोन्ही वाक्यं एकाच डोक्यात असली की उपाय आपोआप दिसतो: मंद वाऱ्यात चक्की फिरूच द्यायची नाही, त्या वेळी वीज तशीही नगण्य मिळते. अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियातल्या कॅसलमन प्रकल्पात हे करून पाहिलं. वाऱ्याच्या ज्या किमान वेगाला पाती फिरू लागतात तो वेग वाढवल्यावर रात्रीचे मृत्यू ४४ ते ९३ टक्क्यांनी घटले आणि वर्षाच्या विजेतला तोटा एक टक्क्याच्या आत राहिला. प्रकल्प बंद पाडायची गरज नव्हती, वटवाघळांचा बळी द्यायचीही नव्हती. अशी माणसं घडवण्यासाठीच हे दोन विषय एकत्र शिकवायचे असतात.

ग्रिडचं, म्हणजे वीजवाहिन्यांच्या जाळ्याचंही तसंच. २८ सप्टेंबर २०१६ ला वादळात दक्षिण ऑस्ट्रेलिया हे अख्खं राज्य अंधारात गेलं आणि लगेच पवनऊर्जेवर खापर फोडलं गेलं. चौकशीत जे दिसलं ते जास्त गुंतागुंतीचं होतं. वादळाने वाहिन्यांचे मनोरे पाडले, दोन मिनिटांत सहा वेळा व्होल्टेज घसरलं. काही पवनप्रकल्पांच्या नियंत्रणात असे धक्के किती वेळा सोसायचे याची मर्यादा घातलेली होती, आणि ती ओलांडताच त्यांनी उत्पादन घटवलं. शेजारच्या राज्याकडून येणाऱ्या वाहिनीवर भार आला आणि तीही तुटली. ती मर्यादा पुढे बदलण्यात आली. वारा, वादळ, सॉफ्टवेअर आणि धोरण यांचा एकत्र विचार करता आला नाही, तर अशा घटनेतून माणूस चुकीचाच धडा घेतो.

‘शिकलेलं जुनं होतं’

उपकरणं बदलतात. १९५४ मध्ये बेल प्रयोगशाळेने दाखवलेला सिलिकॉनचा सौर घट सुमारे ६ टक्के कार्यक्षम होता, आज बाजारातली पॅनेल २० टक्क्यांच्या पुढे आहेत. पण वाऱ्यातली जास्तीत जास्त ५९.३ टक्के ऊर्जा काढता येते, ही जर्मन शास्त्रज्ञ बेट्झ यांची मर्यादा शंभर वर्षांहून जुनी आहे. एकाच थराच्या सौर घटाच्या कार्यक्षमतेला छत असतं, हे शॉकली आणि क्वायसर या शास्त्रज्ञांनी १९६१ मध्ये मांडलं; आजच्या हिशेबाने ते साधारण ३३ टक्के आहे. कुणी ‘सत्तर टक्के कार्यक्षम पवनचक्की’ विकायला आलं, तर ही जुनी माहितीच तुम्हाला वाचवेल.

‘नोकऱ्या नाहीत’

अर्धा खरा मुद्दा तो हा. आंतरराष्ट्रीय अक्षय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये जगभरात या क्षेत्रात १ कोटी ६२ लाख लोक काम करत होते. पण नुसता हा आकडा पुढे करणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. त्यातले जवळपास निम्मे रोजगार एकट्या चीनमध्ये होते, आणि कारखान्यातल्या व बसवणीच्या कितीतरी कामांना या पदवीची गरज नसते. पदवीधरांसाठी कामं आहेत ती वारा-उन्हाचं मोजमाप, पर्यावरणीय परिणामांचं मूल्यांकन, ऊर्जा लेखापरीक्षण, पाणी आणि हवेच्या गुणवत्तेची देखरेख, कार्बनचा हिशेब अशी. ती मिळतात काम येणाऱ्याला, आणि नावापुरत्या अभ्यासक्रमातून काम येत नाही.

म्हणून विद्यापीठ निवडताना नाव बाजूला ठेवा आणि विषयांची यादी मागून घ्या. त्यात संख्याशास्त्र आणि उष्मागतिकी (उष्णता आणि ऊर्जेचं शास्त्र) सक्तीचं आहे का? नकाशे आणि उपग्रहाच्या नोंदी हाताळायला शिकवतात का? प्रयोगशाळेत आणि प्रत्यक्ष जागेवर किती आठवडे जातात? शेवटच्या वर्षाचा प्रकल्प स्वतः मोजलेल्या आकड्यांवर असतो का? आधीच्या वर्षांतल्या विद्यार्थ्यांचे दोन-तीन प्रकल्प वाचायला मागा. ते दाखवायला तयार नसतील, तर दुसरीकडे अर्ज करा, पण याच विषयासाठी करा.