दुरुस्तीला बोटं लागतातच, हे खरं नाही

‘बोलून फार तर कच्चा खर्डा उतरतो. खाडाखोडीला बोटंच लागतात. हुकूम कुठला नि मजकूर कुठला हे यंत्राला कळत नाही, नेमक्या शब्दावर जाता येत नाही, वेळ दुप्पट जातो आणि मराठीत तर हे अशक्यच.’ संगणकावर आवाजाने लिहिण्या-सुधारण्याबद्दल या आशयाचा संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर पुन्हा पुन्हा येतो. मी मुद्रितशोधन करते. मनगटं दुखावल्यापासून चार वर्षं माझा कीबोर्ड जवळजवळ बंद आहे आणि काम चालू आहे. त्यामुळे हा संदेश वाचून गप्प बसवत नाही.

हुकूम की मजकूर? ही अडचण एके काळी खरी होती. सलग बोललेलं टिपणारा ‘ड्रॅगन नॅचरलीस्पीकिंग’ हा प्रोग्राम १९९७ साली आला, त्याआधी शब्दागणिक थांबावं लागे. अ‍ॅपलचं ‘व्हॉइस कंट्रोल’, म्हणजे आवाजाने यंत्र चालवायची सोय, २०१९ मध्ये मॅक आणि आयफोनवर आलं, पुढच्या वर्षी त्याला भारतीय इंग्रजीही समजू लागली. त्यात आता ‘कमांड मोड’ आहे. तो लावला की यंत्र फक्त हुकूम पाळतं, बाकी काही बोललात तरी मजकुरात उमटत नाही. मुद्रितशोधनाला हाच लावून ठेवायचा.

नेमक्या शब्दावर जाता येत नाही, हे तर साफ चूक. इंग्रजी मजकुरात ‘रिप्लेस’, जुना शब्द, ‘विथ’, नवा शब्द, एवढं म्हटलं की बदल झाला. कर्सर कुठे आहे याची फिकीर नाही. तोच शब्द चार ठिकाणी असेल तर चारही जागी आकडे दिसतात, हवा तो आकडा सांगायचा. माउसने शब्द शोधत फिरण्यापेक्षा मला हे सरळ वाटतं.

वेळेचं म्हणाल तर, एक स्वल्पविराम हलवायला बोटं लवकर पोचतात, यात वाद नाही. वाक्य उचलून परिच्छेदाच्या शेवटी न्यायला मात्र तीन-चार हुकूम पुरतात. घसा थकतो, हे त्या संदेशात नाही. पण ते खरं आहे. साध्या, खालच्या आवाजात बोलावं आणि मधे पाणी प्यावं.

आता मराठी. इथे संदेश अर्धा खरा आहे. गूगलने मराठी बोलून लिहायची सोय २०१७ मध्येच दिली, पण गूगल डॉक्समधले दुरुस्तीचे आवाजी हुकूम इंग्रजीच आहेत. इंग्रजी ऐकणाऱ्या यंत्राला ‘जिव्हाळा’ निवड म्हणून सांगता येत नाही. मग नावाने नाही, तर जागेने जायचं: दोन ओळी खाली, तीन शब्द मागे, पुढचा शब्द निवड. देवनागरीतही शब्दांमध्ये मोकळी जागा असतेच, त्यामुळे हे हुकूम चालतात. अक्षराच्या पातळीवर जपावं लागतं. ‘क्षि’ आपल्याला एक अक्षर दिसतं, यंत्राच्या हिशेबी ते क, हलन्त, ष आणि वेलांटी असे चार तुकडे. मागून एक खोडलं की वेलांटीच जाते. मी म्हणून अख्खा शब्द बदलते.

खरी कसोटी ऱ्हस्व-दीर्घाची. ‘दिन’ आणि ‘दीन’ आपल्या बोलण्यात सारखेच ऐकू येतात. यंत्राने तरी फरक कुठून ओळखायचा? त्यावर मी स्वतःचे हुकूम बनवले आहेत, व्हॉइस कंट्रोलमध्ये तशी सोय आहे. ‘पुअर वर्ड’ म्हटलं की ‘दीन’ उमटतं, ‘क्रॉप वर्ड’ म्हटलं की ‘पीक’. नेहमी चुकणाऱ्या शब्दांची यादी करून एकेकाला असं इंग्रजी नाव द्यायचं. पहिली यादी करताना बोटं लागली, ती माझ्या भाचीची. एका रविवारी दुपारी तिने साठ शब्द भरून दिले.

मराठी हुकूम नाहीत ही तक्रार रास्त आहे आणि ती हे प्रोग्राम बनवणाऱ्या कंपन्यांकडे जायला हवी. ज्याचे हात चालत नाहीत त्याला ‘हे तुझ्याच्याने व्हायचं नाही’ असं सांगणारा संदेश मात्र कृपा करून पुढे पाठवू नका.