नाकावरचं शिंग

क्रिस्टल पॅलेस पार्कात तळ्याकाठचा बाक हा आमचा लंडनमधला कट्टा. शनिवारी चालणं नावालाच, थर्मासमधला चहा खरा. परवा समोरच्या डायनोसॉर वगैरे प्राचीन प्राण्यांच्या पुतळ्यांच्या डागडुजीचा विषय निघाला आणि पंतांनी घसा खाकरला. पंत खाकरले की जाणकार लोक चिवड्याचा डबा स्वतःकडे ओढतात.

"करताच आहेत तर चूकही सुधारा म्हणावं! इग्वानोडॉन डायनोसॉरच्या नाकावर शिंग? अहो, अंगठा आहे तो! १८७८ मध्ये बेल्जियमच्या कोळसा खाणीत अख्खे सांगाडे निघाले, तेव्हा सिद्ध झालंय. शिवाय तीसेक पुतळ्यांत डायनोसॉर मोजून चार. बाकी—"

"पंत, १८५४ सालचे आहेत हे," वैशाली म्हणाली. "शिल्पकार हॉकिन्सनं चार हाडं न् दातांवरून एवढं उभं केलं. तुम्हाला सगळे भाग आणि नकाशा मिळूनही कपाट जमलं नाही. दार अजून उलटं उघडते."

"तो मुद्दा वेगळा. वैज्ञानिक दृष्टिकोन—"

"त्यांचा शास्त्रज्ञ सल्लागार ओवेन, त्याला पण ते शिंग पटत नव्हतं," बंड्या मध्येच. "तरी १८५३ च्या थर्टीफर्स्टला ह्याच इग्वानोडॉनच्या साच्यात बसून जेवला की! पंत असते तर सूप गार होईस्तोवर नाकावरच बोलले असते."

"वारसा म्हणून पहिल्या दर्जात आहेत २००७ पासून," मी म्हटलं. "नाकाला हात लावाल तर आत जाल."

"त्या मेगॅलोसॉरस डायनोसॉरचा जबडा २०२० मध्ये गळालाच होता ना? नवा बसवला, थ्रीडी छपाईचा," वैशाली म्हणाली.

"पंतांनी चौकशी केली होती," बंड्या. "कवळीसाठी."

पंतांनी तोफ वैशालीकडे वळवली. "तुमच्या वरोऱ्याकडे असलं काही आहे का, ते बोल."

"काहून नाही? डोंगरगावला इसिसॉरस नावाचा डायनोसॉर निघाला. हाडं चंद्रपूर जिल्ह्याची, नाव कोलकात्याच्या आयएसआयचं, म्हणजे भारतीय सांख्यिकी संस्थेचं. विदर्भाचं सगळं असंच जाते, नागपूर करारापासून."

"झालं सुरू! आणि पाहण्यासारखं काय आहे तिथे?"

"शेण."

"काय?"

"पिसदुऱ्याला. डायनोसॉरचं, दगड झालेलं. २००५ मध्ये त्यात गवताचे अंश सापडले. तोवर त्या काळात गवत नव्हतंच असं विद्वान सांगत होते. पुण्याचेही असतील त्यात. आमच्या शेणानं गप्प केलं सगळ्यांना."

बंड्याच्या नाकातून चहा आला. हसू ओसरल्यावर म्हणाला, "मग पिसदुऱ्यात त्याचाच पुतळा उभारू. वर्गणी काढा."

पंत गंभीर. "हरकत नाही. पण माप अचूक हवं."