परख सर्वेक्षणाच्या नावाने फिरणाऱ्या यादीबद्दल खुलासा

‘परखमध्ये आपल्या तालुक्यातल्या या मराठी प्राथमिक शाळा नापास, २०२१ पेक्षा गुण घसरले, आता शाळा बंद’ असा मेसेज यादीसकट गोव्यातल्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

परख राष्ट्रीय सर्वेक्षण, म्हणजे शाळकरी मुले किती शिकली हे देशभर तपासणारी चाचणी, ४ डिसेंबर २०२४ रोजी तिसरी, सहावी आणि नववीच्या मुलांवर झाले. ते नमुना सर्वेक्षण आहे, म्हणजे सगळ्या शाळा त्यात नव्हत्याच. अहवाल देश, राज्य आणि जिल्हा एवढ्याच पातळीवर निघाला. गोव्यापुरते बोलायचे तर उत्तर आणि दक्षिण या तेव्हाच्या दोन जिल्ह्यांचा. शाळावार निकालच नाही, मग नापास शाळांची यादी येणार कुठून? मुलांच्या प्रगतिपुस्तकाशीही त्याचा संबंध नाही.

‘घसरण’ तर मुळातच चुकीच्या वजाबाकीतून आली आहे. २०२१ ची चाचणी, म्हणजे परखच्या आधीचे राष्ट्रीय सर्वेक्षण (NAS), तिसरी, पाचवी, आठवी, दहावीची होती आणि तिचे गुण ५०० च्या मापावर दिले होते. परखचे आकडे टक्केवारीत आहेत. तिसरी सोडली तर इयत्ता वेगळ्या, मापही वेगळे. शिवाय आपल्याकडच्या कितीतरी वर्गांत दहा-बारा मुले असतात. बारांच्या वर्गात एकाच मुलाने टक्का आठाने हलतो, अशा आकड्यावरून शिक्षकाची पारख करणे अन्यायाचे आहे.

आपल्या मुलाचे वाचन जाणून घ्यायचे असेल तर खालच्या इयत्तेच्या पुस्तकातला न शिकवलेला उतारा त्याला एकट्याला वाचायला द्या, अर्थ विचारा आणि अडले ते शिक्षकांना दाखवा.

यादी पुढे पाठवू नका. पाठवली असेल तर त्याच गटात हा खुलासा टाका.