१७ नंबरचा पाना

गेल्या महिन्यात घरच्या ग्रुपवर एक फोटो टाकला आणि पस्तावले. फोटोत मी ड्राइव्हवेवर उताणी, डोकं सिव्हिकच्या बंपरखाली, हात कोपरापर्यंत काळे. पुण्याहून आतेभावाचं, म्हणजे दादाचं, पाच मिनिटांत उत्तर आलं : "डॉलर कमावता आणि ऑइल बदलायला माणूस परवडत नाही?" आत्याची काळजी वेगळीच. "जावईबापू कुठे आहेत?" जावईबापू टॉर्च धरायला होते. टॉर्च खाली ठेवून फोटो त्यांनीच काढला होता.

मग नेहमीचे दोन तट पडले. एक म्हणे, बघा, तिकडे कामाची लाज नाही, आपल्याकडे स्टेपनी बदलायलाही माणूस लागतो. दुसरा म्हणे, कोपऱ्यावरचा गॅरेजवाला दोनशे रुपयांत करून देतो, गाडीखाली झोपायची हौस कुणाला?

पहिल्या तटाने माझी आरती ओवाळू नये. श्रमप्रतिष्ठा वगैरे काही नाही, इथे मजुरी महाग आहे, एवढंच. ऑइलचा पाच क्वार्टचा कॅन, म्हणजे पावणेपाच लिटर, आणि फिल्टर मिळून मला पस्तीसेक डॉलर पडतात. डीलर याच कामाचे नव्वद घेतो. शिवाय हे सगळे लाड ड्राइव्हवे असणाऱ्यांचे. ओहायोत आल्यावर पहिली चार वर्षं आम्ही अपार्टमेंटमध्ये होतो आणि पार्किंगमध्ये गाडी दुरुस्त करायची नाही हे भाडेकरारातच लिहिलेलं होतं. तेव्हा आम्हीही निमूट पैसे मोजत होतो.

मी पाना हातात घेतला तो रागाने. झटपट ऑइल बदलून देणाऱ्या एका दुकानात गाडी दिली होती. आपण काचेपलीकडे बेचव कॉफी पीत बसायचं, आत काय चाललंय ते दिसत नाही. पुढच्या खेपेला दुसरीकडे गेले तर ड्रेन बोल्ट, म्हणजे जुनं ऑइल सोडायचा खालचा बोल्ट, निघेना. कुणीतरी मशीनने असा आवळला होता की निघताना आटे घेऊनच निघाला. इंजिनाखालचं ऑइलचं चेंबर नवं घ्यावं लागलं, तेही माझ्या खिशातून. पहिलं दुकान म्हणालं, आधीपासूनच तसं असेल. त्या बोल्टला किती जोर लावायचा हे गाडीच्या मॅन्युअलमध्ये आकड्यात दिलेलं असतं : ३९ न्यूटन मीटर. तेवढाच जोर लागला की टक्‌ वाजणारा पाना इथली स्पेअर पार्टची दुकानं अनामत ठेवून वापरायला देतात. बोल्टचं डोकं १७ नंबरचं. बाबांच्या स्प्लेंडरलाही १७ नंबरचाच पाना लागायचा. तो त्यांच्या हातात देण्यापुरतं माझं काम होतं. फिरवायला भावाला मिळायचा.

पण फुशारकी मारू नये. मागच्या हिवाळ्याआधी मी सगळं शिस्तीत केलं. इंजिन थोडं गरम करून घेतलं, पुढची चाकं रॅम्पवर चढवली (नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचं नसतं), जुनं ऑइल थेंब थेंब होईपर्यंत गाळलं, नवा वायसर घातला, नव्या फिल्टरच्या रबराला बोटाने ऑइल लावून तो हातानेच आवळला. ३.७ लिटर ऑइल ओतलं आणि गाडी सुरू केली. वाकून बघते तर फिल्टरच्या कडेने काळी धार. जुन्या फिल्टरचं रबर इंजिनालाच चिकटून राहिलं होतं आणि मी त्यावर नवा फिल्टर चढवला होता. रबरावर रबर बसत नाही, ऑइलचा दाब आला की उसळून बाहेर येतं. गाडी बंद करेपर्यंत लिटरभर ऑइल काँक्रीटवर. शेजारचे आजोबा न बोलता घरात गेले आणि पाळीव मांजरीच्या शी-शूसाठी वापरतात त्या मातीची पिशवी घेऊन आले. ती पसरून ऑइल शोषून घ्यायचं, मग झाडून काढायचं. डाग अजून आहे.

म्हणून दुसऱ्या तटाशी माझं भांडण नाही. फुटपाथवर स्टुलावर बसून आपला मिस्त्री डोळ्यांदेखत बोल्ट काढतो, ऑइल दोन बोटांत चोळून दाखवतो, "ताई, अजून हजार चालेल" म्हणतो. असा माणूस मला इथे भेटलेला नाही. कोथरूडच्या सोसायटीत खाली ट्रे ठेवून बसलात तर बोल्ट निघायच्या आत चेअरमन येतील. कशाला करायचं?

माझी तक्रार निराळी आहे. दादा तरी त्या मिस्त्रीकडे जातो का? त्याची स्कूटर जाते. गाडी मात्र कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला, कारण 'बाहेर हात लावला की वॉरंटी गेली' हे त्याला पाठ करून दिलंय. तिथे ऑइलच्या बिलात इंजिन फ्लश आणि कसलंसं कोटिंग निमूटपणे येतं. अमेरिकेत १९७५ च्या वॉरंटी कायद्यामुळे नुसतं घरी ऑइल बदललं म्हणून वॉरंटी नाकारता येत नाही. माझ्या हातून बोल्ट सैल राहून इंजिन गेलं तर ते माझं. बाकी बिलं जपायची, वहीत तारीख आणि मैल लिहायचे. भारतातही २०१४ साली स्पर्धा आयोगाने स्पेअर पार्ट खुल्या बाजारात न देण्यावरून १४ मोटार कंपन्यांना अडीच हजार कोटींहून जास्त दंड केला होता. बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट नको, हेही त्या आदेशात होतं. पुढे अपिलं झाली. आमच्या ग्रुपवर यावर एकदाही वाद झालेला नाही. जावईबापू कुठे आहेत यावर चाळीस मेसेज.

आणि जुनं ऑइल? मी ते रिकाम्या कॅनमध्ये भरून स्पेअर पार्टच्या दुकानात नेते, तिथे फुकट घेतात. एका गाडीचं ऑइल अडतीस लाख लिटर गोडं पाणी नासवू शकतं, असं इथलं पर्यावरण खातं सांगतं. आजोळी गोठ्याच्या खांबांना आणि चौकटींना वाळवी लागू नये म्हणून आम्ही जळकं ऑइल फासायचो आणि विहीर वीस पावलांवर होती. भारतात १ एप्रिल २०२४ पासून वापरलेल्या ऑइलची जबाबदारी उत्पादकांवर टाकणारे नियम लागू आहेत. ते गल्लीतल्या गॅरेजपर्यंत आले का, हे बघायला मी दादाला पिटाळलं. तो स्कूटर घेऊन गेला आणि संध्याकाळी मेसेज आला :

"शटरिंगवाला घेऊन जातो, स्लॅबच्या फळ्यांना फासायला. डब्यामागे पैसे देतो. मिस्त्री विचारत होता, तुझ्या बहिणीकडे किती साठतं?"