साडेसातचं डोकं

ज्या हेल्मेटवर मला पेट्रोल मिळालं नाही, त्याच हेल्मेटवर ते माझ्या मागच्या माणसाला मिळालं. या गोष्टीला आज पाच दिवस झाले. तरी सकाळी पोह्यांवर जिरावण भुरभुरताना ती अजून घशाशी येते.

मला जुनी लष्करी हेल्मेटं जमवायचा नाद आहे. महू इंदूरपासून जेमतेम पंचवीस किलोमीटर, १८१८ पासूनची छावणी. तेव्हा तिथल्या अटालेवाल्यांकडे, म्हणजे भंगारवाल्यांकडे, कधी काय निघेल सांगता येत नाही. गेल्या रविवारी कूलरच्या जाळ्यांखालून एक ब्रिटिश मार्क टू निघालं. पसरट, उपड्या थाळीसारखं. कडेला आतून ठोकलेलं १९४१. टाळूच्या गादीवर माप, पावणेसात. रंगात वाळूसारखी खर, कारण गुळगुळीत पोलाद उन्हात चमकतं आणि चमकणारं डोकं शत्रूला लांबून दिसतं. आतल्या बाजूला पांढऱ्या रंगात कुणीतरी कुंचल्याने लिहिलेली इंग्रजी अक्षरं, एफ. बी. आणि पुढे ३.

एफ. बी.! परतीच्या वाटेवरचं राऊ येईपर्यंत मी त्याचं 'फील्ड बटालियन' केलं होतं, आणि राऊ मागे पडेपर्यंत ती बटालियन मराठा लाइट इन्फन्ट्रीची झाली होती. हेल्मेट १९४१चं, म्हणजे मराठे लढले तो इरिट्रियातला केरनचा डोंगर जरा आधीचा पडतो. पण इटली जमते. १० जुलै १९४४, तिबेर नदीचं वरचं खोरं, नाईक यशवंत घाडगे एकटे मशीनगनवर धावून गेले आणि मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, ती लढाई. तिथे त्यांच्या मागे कुठेतरी पंचवीस पावलांवर हे हेल्मेट होतं असं मी ठरवून टाकलं. अगदी त्यांच्याच डोक्यावर होतं असं म्हणायला मी निर्लज्ज नाही. डाव्या अंगाला पोचा आहे, तो तिथलाच. (अटालेवाल्याच्या हातात हातोडा होता, हे मी पाहिलं होतं. पण सगळंच पाहिलेलं मनावर घ्यायचं नसतं.)

एवढ्यात स्कूटरचा काटा लाल रेघेखाली गेला.

चूक माझी, हे आधीच कबूल करतो. रोजचं हेल्मेट घरी खुंटीवर होतं. आणि १ ऑगस्ट २०२५ पासून इंदुरात हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही, असा हुकूम निघाला होता. पण माझ्याकडे हेल्मेट नव्हतं असं कोण म्हणेल? मी ते डोक्यावर ठेवलं आणि रांगेत लागलो.

पंपावरच्या पोराने नळी उचलली, माझ्याकडे पाहिलं, नळी परत अडकवली.

"ये क्या है, भिया?"

"हेल्मेट."

"ये तो तसला है." तसला म्हणजे आपलं घमेलं.

मी त्याला सांगितलं की हा तसला १९१५ साली लंडनच्या जॉन ब्रॉडीने पेटंट घेतलेल्या आकाराचा आहे, मँगनीजच्या पोलादाचा आहे, आणि यातला खिळासुद्धा तुझ्या आजोबांहून मोठा आहे. त्याने आयएसआयचा शिक्का विचारला. मी काढून १९४१ दाखवलं. मग तो म्हणाला, यात कान उघडे आहेत, मागची मानही उघडी आहे. इथे मी गप्प झालो. कारण हा आकार वरून पडणाऱ्या गोळ्यांच्या ठिकऱ्यांसाठी होता, खंदकात उभ्या असलेल्या माणसासाठी. कान आणि मान झाकायची अक्कल १९१६ साली जर्मनांनी दाखवली. त्यांना त्यासाठी एक महायुद्ध लागलं, या पोराला पाच सेकंद पुरली.

"आपण मराठी का?"

मागून आवाज आला. वयाने सत्तरीचे, केस मेंदीने विटकरी झालेले, पुढच्या पायदानावर भाजीची पिशवी. डोक्यावर काही नाही.

"हो."

"रामबाग?"

"सुदामानगर."

"मूळचे?"

मागे अकरा गाड्या हॉर्न वाजवत होत्या. मी मूळचे सांगितले. त्यांनी माझ्या एका चुलत आत्याचं लग्न कुठे झालं ते मला सांगितलं. मला ते माहीत नव्हतं. मग त्यांनी हात पुढे केला, मी ज्ञानेश्वरी द्यावी तसं हेल्मेट त्यांच्या हातात दिलं, आणि त्यांनी ते उलटं करून बोटाने टिचकी मारली.

"एफ. बी. तीन. अहो, हे आमच्या मिलचं!"

"नाही हो काका, फील्ड..."

"फायर ब्रिगेड. वडील होते ना आमचे सांच्यावर. तीन नंबरच्या शेडबाहेर अशी सहा टांगलेली असायची, वाळूच्या बादल्यांशेजारी. कापसाला आग लागली की घालायची. एकदाच लागली, तेव्हा नेमकी कुलपात होती." ते हसले. "एकात तर आमचा रखवालदार कबुतरांना ज्वारी घालायचा. हेच असेल, बघा. हा पोचा नव्हता त्याला तेव्हा."

बोलता बोलता त्यांनी ते डोक्यावर घातलं.

आता हे लिहायला जड जातं, पण बसलं. टोपण बाटलीला बसावं तसं बसलं. माझ्या डोक्याचं माप साडेसात. ही साडेसाती मी शाळेतल्या स्काउटच्या टोपीपासून भोगतो आहे. पावणेसातचं हेल्मेट माझ्या टाळूवर नुसतं टेकतं, वारा आला की कलतं. काकांनी मात्र पट्टा हनुवटीखाली घेतला, मान ताठ केली, आणि पंपावर एकाएकी १९४४ साल आलं. कापडी पिशवीतून दोडके डोकावत होते, तरी आलं.

"दोनशेचं घाल रे," ते म्हणाले.

आणि पोराने घातलं!

मी विचारलं, अरे, आत्ता तर तसला होता? पोर नळी झटकत म्हणालं, "अंकल पे हेल्मेट लग रहा है, भिया. आप पे तसला."

इथे मला एक तक्रार करायचीच आहे. पंपाच्या कोपऱ्यावर एक मुलगा दहा रुपयांत हेल्मेट भाड्याने देत होता. बक्कल तुटलेलं प्लास्टिकचं भांडं, तेच एक, या डोक्यावरून त्या डोक्यावर. पेट्रोल घेऊन लोक ते परत करत होते आणि उघड्या डोक्याने रिंग रोडला लागत होते. ते चालतं. त्यावर शिक्का आहे ना. आपण सलग आठ वेळा स्वच्छतेत पहिले आलो, ओला कचरा वेगळा, सुका वेगळा. नियम पाळणं आणि नियम पाळल्यासारखं दिसणं, एवढे दोनच डबे मात्र आपल्याला वेगळे करता येत नाहीत. मीही त्यातलाच, शिक्क्याचं हेल्मेट घरी खुंटीला टांगून मी कुणाला शिकवतोय. पण तरीही. मी दहा रुपये दिले नाहीत. अकडच ती, दुसरं काय.

काकांनी हेल्मेट परत केलं, "पट्टा बदलून घ्या, टोचतो," असा सल्ला दिला आणि गेले. मी स्कूटर ढकलत निघालो. वाटेत पाऊस आला. हेल्मेट घातलं तर ते कललं आणि कडेवरचं सगळं पाणी कॉलरमध्ये ओतलं.

घरी बायकोने दार उघडलं, हातातल्या हेल्मेटकडे पाहिलं आणि म्हणाली, "अहो, याला तरी खाली भोक पाडून देता का? कोथिंबीर लावीन म्हणते."

रात्री वर्तमानपत्र पसरून ते पुसायला घेतलं. टाळूच्या मधला एकच स्क्रू सोडवला की आतलं सगळं अस्तर हातात येतं. गादीवर तळहाताएवढा तांबूस, विटकरी डाग. ओलसर. काकांची मेंदी आणि ऑगस्टचा घाम. साबण लावावा तर चौऱ्याऐंशी वर्षांचं अस्तर सुटायचं, म्हणून तसाच ठेवला. माझ्यामागे हे ज्याच्या हाती लागेल, तो हा डाग पाहून बिचारा गहिवरेल.

मग एकदम आठवलं. कपाटात वरच्या फळीवर माझं सगळ्यांत लाडकं हेल्मेट आहे, इटलीतल्या मोंते कॅसिनोच्या लढाईतलं. म्हणजे त्यावर तसं कुठे लिहिलेलं नाही. त्याच्या अस्तरावर एक तांबूस डाग आहे, आणि सहा वर्षं मी तो पाहुण्यांना आवाज खाली आणून दाखवतो आहे. एका मेजरसाहेबांनी तर चप्पल काढून पाहिला होता.

स्टुलावर चढून ते खाली काढलं आणि हुंगलं. मग बायकोला हुंगायला दिलं.

"शिकेकाई पण आहे," ती म्हणाली.